पक्ष आणि पुरावा

स्वतंत्र म्हणवणाऱ्या एखाद्या वृत्तसंकेतस्थळाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न येतो: ते कोणाच्या बाजूचे? हा प्रश्न अपुरा आहे. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’ची बाजू उघड होती, तिने कोणी फसले नाही. घात झाला तो पुराव्याने. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे बनावट ठरली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता. पण मनाजोगा कागद हाती आला, की पारखणारी नजर मंदावते. संपादकाला निदान तुरुंग तरी असतो. वाचकाला तोही नाही. म्हणून नाशिकच्या माझ्या वर्गात मी मुलांना एवढेच सांगतो: जी बातमी वाचून आनंद झाला, तीच आधी तपासा.