'शिवकल्याण राजा' : भिन्न काव्यप्रकारांचा एकसंध आस्वाद

अपरिचित संगीतप्रकाराची ओळख श्रोत्यास कशी होते, हा आस्वादप्रक्रियेतील मूलभूत प्रश्न आहे. अणदूरसारख्या खंडोबाच्या ठाण्याभोवती ही ओळख जागरणातून होत आली आहे. गण, देवतांचे आवाहन, पदे, कथा आणि आरती असा क्रम जागरणात असतो. वाघ्याचे कथन या भिन्न प्रकारांना एकत्र बांधते.

१९७४ च्या 'शिवकल्याण राजा' या ध्वनिमुद्रिकेची रचना याच्याशी जुळणारी आहे. समर्थ रामदासांची ओवी, कवी भूषणाचा ब्रज भाषेतील छंद व कुसुमाग्रजांची आधुनिक कविता हृदयनाथ मंगेशकरांनी एकत्र आणली. लता मंगेशकरांचा स्वर आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन हे त्यांना जोडणारे सूत्र होय. ब्रज न जाणणारा श्रोताही या निवेदनाच्या आधारे भूषणापर्यंत पोहोचतो. मर्यादा एवढीच, की जागरणातील श्रोत्यांच्या 'येळकोट' गजराला येथे वाव नाही.

आज मोबाईलवर यातील गीते बहुधा सुटी ऐकली जातात. निवेदन गळताच भूषण पुन्हा अनोळखी होतो. म्हणून अशी ध्वनिमुद्रिका क्रमाने व संपूर्ण ऐकणे हीच तिच्या आस्वादाची पूर्वअट ठरते. साहित्याच्या वर्गातही ती तशीच ऐकवली जावी, असे वाटते.