तुणतुण्याची कैफियत

एकच गोष्ट घोळवणाऱ्या माणसाला आपण ‘तुणतुणे वाजवतो’ म्हणून हिणवतो. (मलाही घरात हा आहेर मिळालेला आहे.) त्या वाद्यावर याहून मोठा अन्याय नसेल. लाकडी नळकांडे, तळाला कातडे, बाजूला काठी आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. पण काडीच्या एकेका आघाताने ती शाहिराला सूरही देते नि लयही. तंबोऱ्यापाशी सूर आहे, डफापाशी लय. हे गरीब वाद्य दोन्ही एका हाताने वाढते.

‘अगं बाई अरेच्चा!’त (२००४) अजय-अतुल यांनी गोंधळाचा बाज रुपेरी पडद्यावर गाजवला, याचा मला आनंदच आहे. संबळाला नव्या गाण्यांच्या पंगतीत पाट मिळाला. मात्र गोंधळात त्याच्या जोडीला असणारे तुणतुणे उंबऱ्याबाहेरच राहिले. कुठे वाजलेच तर वाद्यमेळाच्या गदारोळात दडपून गेलेले!

संगीतकारांना माझे मागणे थोडकेच आहे. एका कडव्यापुरता सारा वाद्यमेळ थांबवा आणि गायकाला नुसत्या तुणतुण्यावर सोडा. गळा कच्चा असेल तर तिथल्या तिथे उघडा पडेल. बहुधा धास्ती तिचीच असावी.