मैना आणि आर्ची

नानाखेड्याच्या बसस्टँडकडे संध्याकाळी कॉलेजची मुलंमुली स्कूटीवरून येतात. गाडी बहुतेक वेळा मुलीची असते, पण चालवतो तो आणि मागे बसते ती. का गं, असं विचारलं तर हसून म्हणतात, ‘त्याला बरं वाटतं!’

म्हणूनच नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधली (2016) आर्ची आपल्याला आवडली. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, नजरही आधी तीच भिडवते. पण पळून हैदराबादला गेल्यावर काय होतं? आर्ची कारखान्यात कमवू लागते आणि परश्याला संशय येतो. तो चारचौघांत तिच्यावर हात उचलतो. ती घर सोडून रेल्वेत बसते, मग परत येते. तोवर तो गळफास घ्यायला निघालेला असतो. झालं! तिला लागलेला मार मागे पडतो, त्याचं दुःख पुढे येतं. सिनेमाचा शेवट सगळ्यांच्या लक्षात आहे. ती मारहाण मात्र कुणी बोलताना मी ऐकली नाही. संशयालाही आपण प्रेमच समजतो, नाही का?

आता आपल्या घरची गोष्ट घ्या. मैनासुंदरी याच उज्जैनची राजकन्या. विनयविजयांनी सुरू केलेला आणि यशोविजयांनी पुरा केलेला श्रीपालाचा रास आपण चैत्र-आश्विनाच्या ओळीत, आयंबिल करता करता ऐकतो. रासात दोन बहिणी आहेत. सुरसुंदरीला मनासारखा राजपुत्र मिळतो, आणि पुढे तिच्यावर नर्तकी होऊन नाचायची वेळ येते. मैनेला बाप रागाने कुष्ठरोग्याच्या गळ्यात बांधतो. ती नवपदाची आराधना करते, श्रीपाल बरा होतो. पुढे तो परदेशी जातो, आणखी राजकन्या वरतो. मैना सासूपाशी थांबते.

कर्म आणि श्रद्धा हा रासाचा गाभा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या सांगण्याबद्दल. मुलींना आपण मैनेची सेवा सांगतो. पण बापाचा राग का झाला? सुख तुम्ही देत नाही, ज्याचं त्याचं कर्म देतं, असं तिने भर दरबारात राजाला सुनावलं होतं! हे धाडस आधी, सेवा नंतर. आर्चीची बुलेट आणि मैनेचं उत्तर, दोन्ही आपण कौतुकाने ऐकतो आणि सोडून देतो. हाती ठेवतो ते एकच : तिने सोसलं, म्हणून तिचं प्रेम खरं.

मग स्कूटीवर मागे बसणारी पोर दुसरं काय शिकणार? आज किल्ली देते, उद्या पगार देईल, परवा फोनचा हिशेब. प्रत्येक वेळी म्हणेल, त्याला बरं वाटतं. तिला काय वाटतं, हे त्याने विचारायला हवं, असं आपण आपल्या मुलग्यांना सांगितलंय का?

येत्या ओळीत रास ऐकताना मैनेच्या त्या उत्तरापाशी जरा थांबू या. आणि मुलग्यांनाही शेजारी बसवू या.