धुराड्यातला कर्ब, वहीतले शून्य

जंगलातील टाकाऊ लाकूड जाळून केलेली वीज अक्षय असते आणि हवेतील कर्ब वाढवत नाही, असे आपण वर्गात एका वाक्यात सांगून मोकळे होतो. झाड हवेतून कार्बन डायऑक्साइड घेते आणि जळताना तोच परत देते. तत्त्व बरोबर आहे. मात्र त्यातला ‘टाकाऊ’ हा शब्द आम्हाला खटकतो आणि ‘काळ’ ही राशी गळालेली दिसते.

इंग्लंडमधील यॉर्कशायरचे ड्रॅक्स वीजकेंद्र पाहू. कोळशावर चालणाऱ्या या केंद्रातील सहापैकी चार संच २०१३ ते २०१८ या काळात लाकडाकडे वळवले गेले. भुसा दाबून केलेल्या ‘पेलेट’ नावाच्या कांड्या मुख्यतः अमेरिका व कॅनडातून जहाजाने येतात.

आता साधे गणित करू. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. म्हणून १ किलो लाकूड जळले की सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि वीज मिळते जेमतेम २ युनिट. म्हणजे युनिटमागे जवळजवळ १ किलो, साधारण कोळशाइतकाच! तरी केंद्राच्या वहीत हा आकडा शून्य असतो. कारण आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार तो झाड तोडलेल्या देशाच्या जमीन-वनांच्या हिशेबात धरायचा असतो.

सॉ मिलमधील भुसा किंवा बारीक फांद्या एरवीही काही वर्षांत कुजल्याच असत्या. त्या जाळण्यास आमची हरकत नाही. पण कांड्यांसाठी विरळणीत तोडलेली झाडे आणि हलक्या प्रतीचे ओंडकेही वापरतात. उसाच्या चिपाडाचे कर्ज पुढच्या हंगामात फिटते, झाडाचे फिटायला अनेक दशके लागतात.

कोणते लाकूड टाकाऊ, हे ठरवणेही सोपे नाही. कॅनडातील लाकडाच्या प्रकारांची माहिती नीट न दिल्याबद्दल ड्रॅक्सला २०२४ साली २.५ कोटी पौंड भरावे लागले. अनुदान चुकीने घेतल्याचा पुरावा मात्र नियामकाला आढळला नाही.

तेव्हा फळ्यावरचे ते एक वाक्य पुसून तीन प्रश्न लिहावेत, असे आम्ही सुचवतो. झाडाचा कोणता भाग जाळला? न जाळता तो किती वर्षांत कुजला असता? तेवढे लाकूड पुन्हा वाढायला किती वर्षे लागतील? उत्तरे मिळाल्याशिवाय ‘अक्षय’ हा शिक्का मारू नये.