भटकंती : कुणाची आणि कशासाठी?

मराठी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार दलित समीक्षेने जवळजवळ बाजूलाच ठेवला आहे. कविता, कथा, आत्मकथन यांवर आपण चर्चासत्रे घेतली, वाद घातले. प्रवासवर्णन मात्र पांढरपेशांच्या सुटीचा जमाखर्च म्हणून सोडून दिले. मीही याच मताचा होतो. ते मत पुन्हा तपासून पाहण्याची वेळ गेल्या उन्हाळ्यात माझ्यावर आली, म्हणून हा लेख.

निमित्त सांगितले पाहिजे. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. एप्रिलअखेर तास संपतात, त्याबरोबर नेमणूकही संपते. पुन्हा मुलाखत, पुन्हा आदेश, यात जुलै-ऑगस्ट उजाडतो. मधल्या दिवसांना पगार नाही. ८ वर्षे हे दिवस मी शिकवण्या घेऊन आणि मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून काढले. गेल्या मे महिन्यात मात्र साठवलेले १८ हजार रुपये आणि जुन्या बाजारातली एक सॅक घेऊन एकटाच निघालो, तो ४० दिवसांनी परतलो. भोपाळ, सांची, सारनाथ, कुशीनगर आणि पुढे काठगोदामवरून कुमाऊंच्या डोंगरात अल्मोडा, मुन्सियारी अशी ती वाट होती.

परतल्यावर त्यावर एक टिपण लिहिले आणि आमच्या मित्रमंडळात वाचले. चळवळीत हयात घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, वाचन संपल्यावर म्हणाले, "सांची-सारनाथपर्यंत समजलं. पुढचं डोंगरातलं कशाला? त्यात आपलं काय आहे?" दुसऱ्या मित्राने निकाल दिला, "यात वेदना नाही, नकार नाही. हे दलित साहित्य कसं म्हणायचं?" आईचा आक्षेप तर मी निघालो तेव्हाच नोंदला गेला होता. "आमी जलमभर हिंडलो ते तू एका जागी बसावंस म्हनून. आन् तू पुन्हा गाठोडं बांधलंस व्हय?"

हे तिन्ही आक्षेप मी वाङ्मयीन आक्षेप मानतो. त्यांचे उत्तर द्यायचे तर आधी प्रस्थापित परंपरेकडे पाहिले पाहिजे.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हे या प्रकारातले मानाचे पुस्तक. १८५७ साली वरसईचा हा भिक्षुक आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, तो हौसेने निघाला नव्हता. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती. म्हणजे काम नसलेला एक माणूस मिळकतीच्या शोधात घराबाहेर पडला. वाटेत बंड उसळले, झाशीच्या वेढ्यात तो सापडला, लुबाडला गेला. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली हे पुस्तक छापले. गोडसे भटजींचे हाल खरे आहेत, त्यांची प्रांजळ भाषाही खरी आहे. परंतु त्या हालांच्या तळाशी एक न लिहिलेली सोय आहे. परमुलखात गेले तरी ब्राह्मणाचे घर सापडते, त्या घराला ओसरी असते, पाणी असते, आणि विद्येला दक्षिणा असते. त्यांची जात त्यांच्या आधी मुक्कामी पोचते आणि दार उघडून ठेवते. आपलीही जात आपल्या आधी पोचते, आणि दार लावून घेते.

पुढे शंभर वर्षांनी पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) ही पुस्तके आली. बोट आली, विमान आले, लंडन-पॅरिस आले; मोजपट्टी मात्र घरचीच राहिली. परदेशात त्या 'मी'ला घराची आठवण येते आणि त्या आठवणीतून विनोद जन्माला येतो. हे लेखन मला आवडते, वर्गात मी ते रंगून शिकवतो. पण शिकवताना एक प्रश्न मनात येतोच. मागे राहिलेले घर आणि गाव हे प्रेमानेच आठवायचे असते, हे या विनोदाने गृहीत धरले आहे. आणि 'तुम्ही कोण?' असे कुणी विचारलेच, तर उत्तराने काही बिघडणार नाही, हेही गृहीत आहे. ज्या मुलाचे घर गावाच्या कडेला आहे आणि ज्याला त्या प्रश्नाने घाम फुटतो, त्याने हा विनोद कोठून आणायचा?

म्हणून दलित लेखकाने प्रवासवर्णन लिहिलेच नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चूक आहे. आपले साहित्य चालण्याने भरलेले आहे, आपण त्याला प्रवास म्हटले नाही एवढेच. महारकीतल्या माणसाला सरकारी टपाल पोचवावे लागे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावावे लागे, कुणी मेले तर सांगावा घेऊन परगावी जावे लागे. पाय त्याचे, वाट मात्र दुसऱ्याने ठरवलेली. ही वतने कायद्याने नष्ट करायला १९५८ साल उजाडावे लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर फिरस्त्या जमातींचे फिरणेच गुन्हा ठरवले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पोलिसांच्या मनातून तो गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या दृष्टीने पुन्हा वाचावे. गाढवावर बिऱ्हाड लादून एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या माणसांच्या लेखी भटकणे म्हणजे उद्याची भाकर कुठे मिळेल याचा शोध. 'भटकंती' या शब्दाला आज दैनिकांच्या पुरवण्यांत जी गोडी आली आहे, ती गोडी 'भटका' या शब्दाला कधीच आली नाही. धातू एकच, अर्थाची फाळणी मात्र जातीने केली.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) गावच्या बायका डोक्यावर ओझे घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला जातात. ती वाट वाचताना माझ्या पाठीवरची सॅक मला आठवली. डोक्यावरचे ओझे विकायचे असते, ते उतरल्यावरच मीठमिरची मिळते. पाठीवरच्या पिशवीत माझेच कपडे, माझेच पुस्तक. आपल्या समाजात हे ओझे डोक्यावरून पाठीवर यायला किती पिढ्या गेल्या, याचा हिशेब प्रवासवर्णनाच्या समीक्षेत यायला नको काय?

माझ्या घरचाच हिशेब सांगतो. माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडीकुंडी टाकून कारखान्यावर जायचे, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. तोही करारच होता. त्यांचे दोन हंगामांमधले दिवस म्हणजे घर. माझे दोन नेमणुकांमधले दिवस म्हणजे बेकारी, आणि या वर्षी पहिल्यांदा, रस्ता. आईला माझ्या सॅकमध्ये तिचे गाठोडे दिसले, यात तिचे काही चुकले नाही. ८ मे २०२० रोजी जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत काम गेले म्हणून ते घरी निघाले होते. नोकरी नसताना लांबच्या वाटेला लागणे म्हणजे काय, हे अशा मरणांनी आपल्या लोकांना शिकवले आहे.

असे असले तरी दादांच्या प्रश्नापुढे मी मान तुकवत नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मपर लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केले. या लेखनाचे नावच प्रवाशाचे आहे, आणि त्यातले स्वतःचे अनुभव वाटेवरचे आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली, चांगल्या कपड्यांतली मुले; जात कळताच बदललेला स्टेशनमास्तरचा चेहरा; दुप्पट भाडे देऊन स्वतःच हाकलेली बैलगाडी; आणि जवळ अन्न असून पाण्यावाचून काढलेली रात्र. १९१७ मध्ये बडोद्याची पारशी धर्मशाळा, १९२९ मध्ये चाळीसगावचा टांगा. आपण हे लेखन अन्यायाचा पुरावा म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. पण १९३४ चा दौलताबादचा प्रसंग नीट वाचावा. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी स्थलदर्शनाला जाण्याची इच्छा व्यक्त केली होती आणि बाबासाहेब त्यांच्याबरोबर निघाले होते. किल्ला पाहायचा होता, वेरूळची लेणी पाहायची होती. म्हणजे पाहण्याच्या आनंदासाठी केलेला तो प्रवास होता. धुळीने माखलेल्या काहींनी तिथल्या हौदावर हातपाय धुतले आणि हौद बाटला म्हणून गहजब झाला. अखेर किल्ला पाहायला मिळाला तो सोबत हत्यारी शिपाई घेऊन, कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. ज्या माणसाने महाडचे तळे खुले करण्यासाठी लढा दिला, त्याला किल्ला पाहावासा वाटणे हे चळवळीशी विसंगत नव्हते. पाण्याचा हक्क आणि पाहण्याचा हक्क एकाच झऱ्याचे आहेत.

त्याच लेखनात बाबासाहेब सांगतात की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. हे वाक्य मला डोंगरात समजले. महाराष्ट्रात आडनाव सांगितले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. त्या क्षणात त्याचा हिशेब होऊन जातो. कुमाऊंत माझे आडनाव कुणाला वाचता येत नव्हते. पंचचुलीची शिखरे सुंदर आहेत यात वाद नाही, पण माझ्या पायांना जो हलकेपणा आला तो या न वाचता येणाऱ्या आडनावाचा होता. टिपणात मी बर्फाबद्दल लिहिले आणि याबद्दल लिहिले नाही. मित्राच्या आक्षेपात काही तथ्य असेल तर ते एवढेच. टिपणात आनंद होता हा दोष नव्हता; आनंदाचे खरे कारण मी लपवले, हा दोष होता.

आणखी एक गोष्ट लपवली होती. अल्मोड्याहून निघालेल्या जीपमध्ये शेजारच्या गृहस्थाने आपुलकीने विचारले, "आप लोग क्या होते हैं?" मी म्हणालो, "महाराष्ट्र से." प्रश्न काय होता ते मला कळले होते. वर्गात 'विद्रोह' या शब्दावर तासभर बोलणारा मी, अडीच तासांच्या जीपमध्ये तो शब्द गिळून बसलो.

पुढच्या गावी एक नौला पाहिला. झऱ्याच्या पाण्यावर दगडी छप्पर घालून केलेली ही जुनी बांधणी देखणी असते. मी ओणवा झालो आणि हात थांबला. आसपास कुणी नव्हते, मी कोण हे तिथे कुणाला ठाऊकही नव्हते. मला ठाऊक होते, तेवढे पुरे झाले. मग पाणी प्यालो, ते थंड आणि गोड होते. त्या रात्री मुक्कामावर शिल्पकार समाजातला एक तरुण भेटला. तिकडच्या दलितांना शिल्पकार म्हणतात. त्याला मात्र मी माझी जात सांगितली. त्याने कफल्टाची गोष्ट सांगितली. मे १९८० मध्ये याच अल्मोडा जिल्ह्यात कफल्टा गावी दलित नवरदेवाने पालखीतून उतरावे यावरून वरातीवर हल्ला झाला आणि १४ दलित मारले गेले. तेही रस्त्याने चाललेले लोक होते. त्या डोंगरांची हवा, देवदार आणि होमस्टे यांची वर्णने मी निघण्यापूर्वी पुष्कळ वाचली होती. त्यांत कफल्टा नव्हते. निसर्ग पाहणाऱ्याचे डोळे कुठल्या घरातून आले आहेत यावर निसर्गवर्णनात काय दिसणार हे ठरते, ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नसतो.

परतल्यावर आईने बर्फाचे काही विचारले नाही. तिने विचारले, "तिकडं पानी कुठं प्यालास?" आपल्या प्रवासवर्णनाची समीक्षा या प्रश्नापासून सुरू व्हावी असे मला वाटते.

अर्थात इथे एक सावधगिरी हवी. चांगल्या पगाराची नोकरी सोडून वर्षभर जग हिंडणाऱ्यांची कौतुके आज जागोजाग छापून येतात. त्यांचा मधला काळ त्यांनी निवडलेला असतो, परत येण्याची जागा शाबूत असते. माझा मधला काळ व्यवस्थेने माझ्यावर लादलेला आहे. पूर्णवेळ पद न भरता वर्षानुवर्षे तासांवर राबवून घ्यायचे आणि त्या रिकाम्या महिन्यांना स्वातंत्र्य म्हणायचे, या फसवणुकीत मी सामील होणार नाही. १८ हजार रुपये संपले, ऑगस्टची नेमणूक कुणाच्या हातात नाही. तरीही ते ४० दिवस माझे होते. दुसऱ्याने लादलेल्या काळातून स्वतःसाठी काही काढून घेणे, यालाही मी लढ्याचाच एक भाग समजतो.

अण्णा भाऊ साठे लहानपणी वाटेगावहून मुंबईला पायी आले. तेच अण्णा भाऊ १९६१ साली लेखक म्हणून रशियाला गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. 'फकिरा'च्या मानाने या पुस्तकाची चर्चा आपण फारच थोडी केली. पोटासाठी चाललेली वाट आपल्याला साहित्य वाटते, पाहण्यासाठी चाललेली वाट चैन वाटते. हा निकष आपण कुणाकडून घेतला? दलिताने रडावे, चिडावे, पण रमू नये, ही अपेक्षा प्रस्थापितांची होती. ती आपल्या समीक्षेने नकळत उचलली आहे. तथागतांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेला पाठवताना दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगितले. एकट्याने चालणे आपल्या परंपरेला परके नाही.

तेव्हा आपल्या मुलांनी, आणि विशेषतः मुलींनी, जावे आणि लिहावे. एकट्या मुलीला यातले अर्धेही मोकळेपण मिळत नाही, म्हणून तिचे लेखन माझ्या टिपणापेक्षा अधिक मोलाचे ठरेल. बर्फ पाहावा, समुद्र पाहावा, आवडला तर आवडला म्हणावे. सोबत पाणी कुणाचे, ओझे कुणाच्या डोक्यावर, आणि जीपमध्ये विचारलेल्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले, हेही लिहावे. माझे टिपण मी पुन्हा लिहायला घेतले आहे. या वेळी त्यात ती जीप असेल.