लाल दिवा आणि डावे वळण

वर्गाच्या भिंतीवर वाहतुकीच्या नियमांचा तक्ता बहुतेक शाळांत असतो. वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा. शेजारी ‘थांबा, सज्ज व्हा, जा’ असे शब्द. आम्हीही हा धडा वर्षानुवर्षे असाच शिकवला. तो चुकीचा नाही. पण त्या चित्रातला रस्ता नेहमी सरळ असतो. तिथे वळण नाही, आणि जिथे वळण नाही तिथे सिग्नलची मुळात गरजच काय, हा प्रश्न एकही मूल विचारत नाही, याचा दोष आपलाच.

रहिमतपूरसारख्या गावातल्या मुलांना सिग्नल ओळखीचा असतो तो पुणे–मिरज रेल्वेमार्गावरचा. तिथला लाल म्हणजे गाडी उभी. त्यात डावे-उजवे नाही. हेच मूल साताऱ्याला किंवा पुण्याला जाते तेव्हा त्याला वेगळेच दिसते. समोर लाल दिवा, तरी डावीकडची वाहने सरसर वळतात. विचारले तर उत्तर मिळते, ‘डावीकडे फ्री असते.’ हे उत्तर मोठी माणसे, आणि कधीकधी शिक्षकही, इतक्या खात्रीने देतात की तोच कायदा वाटावा.

कायदा तसा नाही. डावीकडे वळणाऱ्याला लाल दिव्यातून सरसकट सूट नाही. जिथे तशी पाटी आहे, हिरवा बाण आहे किंवा चौकातला पोलीस हाताने खूण करतो, तिथेच वळता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तर लाल दिवा ओलांडणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्ट शब्दांत घातले. काही चौकांत पाटी लावून दिलेली सवलत लोकांनी सगळ्या चौकांना लागू करून घेतली आहे.

आता ही सवलत मुळातच वाईट आहे का? अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून तिथे आपल्या डाव्या वळणाची जागा उजवे वळण घेते. १९७३च्या तेलटंचाईनंतर थांबलेल्या गाड्यांनी जाळलेले पेट्रोल सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. १९७५च्या ऊर्जाबचतीच्या कायद्याने केंद्राच्या मदतीला अट घातली, की सुरक्षितता सांभाळून लाल दिव्यावर उजवे वळण शक्य तितके खुले करावे. राज्यांनी ते केले. न्यूयॉर्क शहरात मात्र विशेष पाटी नसेल तर आजही ते करता येत नाही. पुढे १९८२ साली काही भागांतल्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळणाऱ्या वाहनांनी पादचाऱ्यांना दिलेल्या धडका ठिकाणानुसार ४३ ते १०७ टक्क्यांनी वाढल्या होत्या. सायकलस्वारांच्या बाबतीत वाढ ७२ ते १२३ टक्के होती. (अशा धडका एकूण अपघातांत थोड्याच असतात, हेही वर्गात सांगावे. टक्केवारी ऐकली की मूळ संख्या विचारायची सवय बरी.)

कारण समजायला आकडेही लागत नाहीत. आपल्याकडचा चौक घ्या. लाल दिव्यावर डावीकडे वळणाऱ्याला भीती असते ती उजवीकडून येणाऱ्या वाहनांची, म्हणून त्याची मान उजवीकडे. त्याच वेळी पादचाऱ्याला रस्ता खुला असतो आणि डाव्या फुटपाथवरून एखादे मूल पट्ट्यांवर पाऊल टाकते. गाडी ताशी वीस किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला साडेपाच मीटर जाते. मान परत फिरवण्यात एक सेकंद गेला की पट्टे मागे पडलेले असतात. मुलाने नियम पाळला आहे, आणि धोका त्यालाच आहे.

म्हणूनच अमेरिकेच्या नियमात आधी पूर्ण थांबणे सक्तीचे आहे. पूर्व जर्मनीत १९७८ साली आलेली आणि १९९४ साली सगळ्या जर्मनीच्या नियमांत गेलेली हिरव्या बाणाची पाटीही आज तेच सांगते: थांबा, पाहा, मग वळा. आपल्या रेल्वेतसुद्धा स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर चालक दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबतो, मग अगदी जपून पुढे जातो. अपवाद आहे, पण थांबून. आपल्या ‘फ्री’ शब्दातून नेमके हे थांबणेच गळाले आहे. आमचा आक्षेप सवलतीपेक्षा या शब्दाला जास्त आहे.

गावात सिग्नल नसला तरी वळण असतेच, आणि ऊसतोडीच्या दिवसांत तर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर कोपऱ्यापासून दूर गेला म्हणून मुले निर्धास्त उभी राहतात. पण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत येतात. हे दाखवायला सायकल पुरते. तिची दोन्ही चाके ओली करा आणि कोरड्या फरशीवरून हळू वळवा. मागच्या चाकाची रेघ आतल्या बाजूला उमटते. दोन रेघांतले अंतर मुलांना मोजू द्या, आणि मग विचारा की सायकलपेक्षा लांब गाडी असेल तर ते किती होईल.

तक्ता काढून टाकायची गरज नाही. मैदानावर फक्कीने चौक आखा, पट्टे काढा, चार मुलांना वाहने करा आणि दोघांना पादचारी. डावीकडे वळणाऱ्या मुलाला सांगा, उजवीकडून कोणी येत नाही ना ते बघूनच वळ. त्याने डावीकडच्या पादचाऱ्याला कधी पाहिले, हे बाकीच्यांनी वहीत लिहायचे. नंतर तोच खेळ रेषेवर पूर्ण थांबून, दोन्हीकडे पाहून करायचा आणि दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या.