कुरत्तीच्या हातातला हात

ख्रिस्ती भक्तिकाव्याचा विषय निघाला की मराठी वाचकाला रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. त्यांच्या आधी जवळजवळ शतकभर, मराठी राजाच्या छायेत, तंजावरास तमिळ भाषेत या काव्याचा एक समृद्ध प्रवाह वाहत होता, याची दखल आपल्या समीक्षेने क्वचितच घेतली आहे.

या प्रवाहाच्या मुळाशी जर्मन मिशनरी श्वार्ट्झ (1726–1798) यांचे व्यक्तिमत्त्व आहे. 1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने कावेरीकाठची गावे उजाड झाली, तेव्हा त्यांनी साठवून ठेवलेला तांदूळ भुकेल्यांना वाटला. पुढे परागंदा झालेले शेतकरी केवळ त्यांच्या शब्दावर विसंबून शिवारात परतले. सरफोजी राजे (दुसरे) आणि कवी वेदनायगम् शास्त्री (1774–1864) हे दोघे त्यांचेच विद्यार्थी. दोघांनीही ‘कुरवंजी’ हा तमिळ नाट्यप्रकार हाताळला.

कुरवंजीचे कथानक ठरलेले असते. विरहिणी नायिका झुरत असते. डोंगरातली भटकी कुरत्ती येते, तिचा हात हातात घेऊन ‘कुरी’ सांगते आणि तिला धीर देते. ‘कुरी’ला ‘भविष्य’ हा प्रतिशब्द मला नेहमीच कोरडा वाटत आला आहे. आपला ‘कौल’ त्याला अधिक जवळचा. शास्त्रींच्या ‘बेथलेहेम कुरवंजी’त नायिका सियोनकन्या असून तिचा ओढा ख्रिस्ताकडे आहे, आणि कुरत्ती म्हणजे साक्षात श्रद्धा. दुःखितास मिळणारे ईश्वरी सांत्वन कवीने एका हीन मानल्या गेलेल्या स्त्रीच्या मुखी घातले, ही या कृतीची खरी थोरवी होय. सरफोजींच्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त कुरत्ती इंद्राणीला जगाचा भूगोल ऐकवते. माहिती भरपूर, परंतु सांत्वन जवळजवळ नाही. काव्य म्हणून शास्त्रींची कृती निःसंशय सरस आहे.

अडचण येथूनच सुरू होते. 1820 नंतरच्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी वेळ्ळाळ आणि परैयर ख्रिस्ती जनांनी एकत्र बसून प्रभुभोजन घ्यावे असा आग्रह धरला. शास्त्रींनी त्यास कडवा विरोध केला, जातिभेदाच्या समर्थनार्थ लेखणीही चालवली. 1829 मध्ये त्यांची मिशनमधील नोकरी गेली. त्या वेळी त्यांना आश्रय दिला तो ख्रिस्ती न झालेल्या सरफोजींनी. तमिळ गीतांवर नव्या मंडळींनी केलेल्या आघाताबद्दल शास्त्रींची तक्रार रास्त होती, हे मी मान्य करतो; पण कुरत्तीच्या हाती नायिकेचा हात देणाऱ्या कवीला शेजाऱ्याच्या ओठांचा प्याला असह्य व्हावा, हे केवळ ‘काळाचा प्रभाव’ म्हणून सोडून देता येत नाही.

सरफोजींचे उत्तर नाटकात शोधू नये. 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या छत्रांचा कारभार वर्णिला आहे. तेथे आजाऱ्यांची शुश्रूषा होते, अनाथांचा सांभाळ होतो, आणि ब्राह्मणापासून परयापर्यंत प्रत्येक वाटसरूस शिजवलेला भात मिळतो. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. त्याच पत्रात आणखी एक तपशील आहे: ज्यांना दुसऱ्याच्या हातचा भात चालत नाही, त्यांना तांदूळ कोरडेच दिले जात.